साथीला बसताना

मैफिलीत सगळ्यांचे डोळे गाणाऱ्याकडे लागलेले असतात. साथीला बसलेल्याकडे फारसं कुणी बघत नाही. २०१६ साली आलेला ‘फ्लॉरेन्स फॉस्टर जेन्किन्स’ हा चित्रपट पाहताना मात्र माझं लक्ष सारखं पियानोपाशी बसलेल्या माणसाकडे जात राहिलं. चित्रपटातली गोष्ट खरी आहे. फ्लॉरेन्सबाईंचा जन्म १८६८ सालचा, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातला. लहानपणी त्या पियानो सुरेख वाजवत. घरात पैसा होता, पण संगीत शिकायला युरोपात जायचं म्हटल्यावर वकील वडिलांनी हात आखडता घेतला. मग कोवळ्या वयात पळून जाऊन लग्न केलं, नवऱ्याकडून त्या काळी असाध्य असलेला आजार आला, संसार मोडला. हाताच्या दुखापतीमुळे पियानोवादक व्हायचं स्वप्नही राहून गेलं. शिकवण्या करून त्यांनी दिवस काढले. १९०९ साली वडील वारले, वारशाचा पैसा हाती आला. तेव्हा चाळिशी ओलांडलेल्या या बाईंनी गाण्याला वाहून घेतलं. १९१७ साली न्यूयॉर्कमध्ये त्यांनी व्हेर्दी क्लब काढला, संगीतासाठी सढळ हाताने खर्च केला, दरवर्षी स्वतः गायल्या. जीव ओतला, पण सूर काही गळ्यात उतरला नाही. आणि गाणी निवडायची तीही केवढी अवघड! मोझार्टच्या ‘मॅजिक फ्लूट’ या संगीतिकेतलं रात्रीच्या राणीचं गाणं, नाहीतर ‘लाक्मे’ या फ्रेंच संगीतिकेतलं घंटांचं गाणं. कसलेल्या गायिकांचाही कस लावणारी ही गाणी फ्लॉरेन्सबाई मनापासून गात, आणि पट्टी पार सुटलेली असे.

त्यांच्या साथीला पियानोवर होता कॉस्मे मॅकमून. चित्रपटात तो अगदी तरुण दाखवला आहे. पहिल्याच दिवशी बाईंचं गाणं ऐकून त्याला हसू आवरत नाही. तिथे ते कसंबसं दाबून धरतो आणि लिफ्टमध्ये शिरल्यावर फुटतो. त्याचा राग येत नाही, कारण आपणही तेव्हा हसत असतो. मग एके दिवशी बाई त्याच्या लहानशा खोलीवर येतात. पडलेली भांडी स्वतः घासतात. पियानोवर एका हाताने शोपँ या संगीतकाराची रचना वाजवू लागतात, कारण दुसरा हात आता साथ देत नाही. तो गुपचूप शेजारी बसतो आणि त्या दुसऱ्या हाताची जागा भरून काढतो. चित्रपटातला हा प्रसंग मला सगळ्यांत मोठा वाटतो. बाईंच्या गळ्यात काय नाही हे त्याला पहिल्या दिवशीच कळलं होतं. आत काय आहे, ते त्याला इथे दिसलं. खरा मॅकमून बाईंसोबत बरीच वर्षं वाजवत होता. त्यांच्यासाठी त्याने गाण्यांना चालीही दिल्या. त्या दोघांची ध्वनिमुद्रणं आजही ऐकायला मिळतात. कधी ऐकलीत तर थोडा वेळ फक्त पियानोकडे कान द्या. बाई श्वासासाठी थांबल्या की पियानो थांबतो. त्या पुढे पळाल्या की मागोमाग धावतो. एखादा सूर त्यांनी नको तितका लांबवला, तरी वाट पाहतो. सांभाळून घेणं कसं असतं, ते असं ऐकू येतं.

आपल्या घरातही फ्लॉरेन्सबाईंसारखं कुणीतरी असतंच. निवृत्तीनंतर पेटी शिकायला लागलेले बाबा. पन्नाशीत रंग-ब्रश आणणारी मावशी. दिसेल त्या कागदावर कविता करणारा पुतण्या. त्यांना ते येत नसतं, पण त्याशिवाय करमतही नसतं. सकाळी डबा भरायच्या गडबडीत आतल्या खोलीतून तोच तो अडखळणारा ‘सा रे ग म’ येतो आणि आपल्या तोंडून पटकन निघतं, ‘अहो बाबा, जरा हळू!’ किंवा आपण काही बोलत नाही, फक्त दार लोटून घेतो. लोटलेलं दार त्यांना ऐकू जातं. यात दुष्टपणा नसतो, घाई असते. पण उत्साहाला एवढंही पुरतं. पुष्कळ माणसं गाणं सोडतात ती आवाज वाईट म्हणून नव्हे, घरातलं कुणीतरी हसलं म्हणून. गावच्या भजनात असं होत नाही. तिथे सुरेल गळ्याचे दोघंतिघं असतात, बाकीचे आपल्या परीने म्हणतात, आणि कुणाची ओळ घसरली तर टाळ आणि पखवाज ती उचलून धरतात. ‘तू गप्प बस’ असं तिथे कुणी म्हणत नाही. घरी तर दोनच माणसं पुरतात. बाबांच्या खोलीत जाऊन पाच मिनिटं खुर्चीवर बसलं, बोटानं ठेका धरला, तरी तेवढी साथ होते. मावशीचं चित्र भिंतीला टेकवून दोन पावलं मागे सरून पाहिलं, तरी होते. त्यासाठी आपल्याला संगीत किंवा चित्रकला कळायची गरज नाही.

तरी एक अवघड गोष्ट उरते, ती म्हणजे खरं बोलणं. चित्रपटात बाईंचे जोडीदार, सेंट क्लेअर बेफील्ड, त्यांना फुलासारखं जपतात. समजूतदार श्रोतेच बोलावतात, टीकाकारांना लांब ठेवतात, वाईट लिहिलेलं वर्तमानपत्र त्यांच्या हाती पडू नये म्हणून धडपडतात. त्यांच्या प्रेमाबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण २५ ऑक्टोबर १९४४ रोजी, वयाच्या ७६व्या वर्षी, फ्लॉरेन्सबाई न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये गायला उभ्या राहिल्या, तेव्हा हे कुंपण उरलं नाही. तिकीट काढून कुणालाही येता येत होतं, आणि तिकिटं केव्हाच संपली होती. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी बाईंना सोडलं नाही. महिनाभराने, २६ नोव्हेंबरला, त्या गेल्या. बेफील्डइतकं झाकून ठेवणं मला पटत नाही, आणि टीकाकारांसारखं ओरबाडणं तर नाहीच नाही. मला पटते चित्रपटातली अॅग्नेस. आधीच्या एका मैफिलीत ही बाई हसून हसून लोळायची बाकी राहिली होती. कार्नेगी हॉलमध्ये श्रोत्यांतले सैनिक हुर्यो उडवू लागले, तेव्हा तीच उठून उभी राहिली आणि त्यांच्यावर ओरडली, की त्या जीव तोडून गाताहेत, टाळ्या वाजवा! गाणं सुरेल झालं, असं ती म्हणाली नाही. जे खरोखर समोर दिसत होतं, तेच तिने सांगितलं. घरातल्या गाणाऱ्याने किंवा लिहिणाऱ्याने ‘कसं झालं?’ म्हणून विचारलं, की आपल्यालाही हे जमतं. ‘मस्त!’ म्हणून मोबाईलकडे वळायचं नाही आणि चुकांची यादीही काढायची नाही. नीट ऐकलेलं असलं की सांगण्यासारखं काहीतरी सापडतंच. ‘दुसऱ्या कडव्यात तुम्ही डोळे मिटले होते, तिथे मला फार बरं वाटलं.’ ‘झाडाचा हा हिरवा कुठून आणलास?’ पुढे त्यांनी आपणहून विचारलं, की कुठे चुकतंय, तर तेही सांगावं, त्यांच्या शेजारी बसून. आज संध्याकाळी पेटीचा आवाज आला तर टीव्ही जरा बंद करूया, आणि बाबांना म्हणूया, ‘कालचं ते परत वाजवा ना.’