प्रारब्ध आणि पुरावा

ज्या औषधाने रक्तातील साखर आटोक्यात ठेवली त्याच औषधाने देहात दुसरा विकार उत्पन्न केला असा संशय आल्यास त्या हानीचे उत्तरदायित्व कोणाचे, हा प्रश्न वरकरणी कायद्याचा असला, तरी न्यायालयात तो उभा राहतो तेव्हा त्याला कार्यकारणभावाच्या फार जुन्या वादातून वाट काढावी लागते. मधुमेहाच्या औषधांच्या बाबतीत ही अडचण विशेष तीव्र होते. कारण हे औषध वर्षानुवर्षे घ्यावे लागते, ते घेणारा मनुष्य बहुधा उतारवयाकडे झुकलेला असतो, आणि औषधाविना त्याला जे विकार होऊ शकले असते त्यांची यादीही लहान नसते.

पायोग्लिटाझोन या औषधाचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. शरीराच्या पेशी इन्सुलिनला पुरेसा प्रतिसाद देत नाहीत तेव्हा हे औषध तो प्रतिसाद सुधारते. जपानच्या ताकेदा कंपनीला ते 'अ‍ॅक्टोस' या नावाने विकण्यास १९९९ मध्ये अमेरिकेत अनुमती मिळाली आणि एली लिली ही कंपनी तेथील प्रसारात तिची भागीदार होती. पुढे या औषधाचा मूत्राशयाच्या कर्करोगाशी संबंध असावा, अशी शंका बळावली. जून २०११ मध्ये फ्रान्सने त्याचा वापर थांबवला, आणि त्याच महिन्यात अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एक वर्षाहून अधिक काळ ते घेणाऱ्यांच्या संदर्भात वेष्टनपत्रकात इशारा घालण्यास सांगितले. भारत सरकारने जून २०१३ मध्ये त्याच्या विक्रीला स्थगिती दिली, पण ती काही आठवड्यांतच उठवून ठळक इशाऱ्यासह विक्री पुन्हा सुरू केली. एकाच रेणूविषयी तीन देशांचे तीन निवाडे व्हावेत, यात कोणाचे अज्ञान शोधण्यापेक्षा, लाभ आणि धोका यांच्या तुलनेत मूल्यनिर्णय अपरिहार्यपणे मिसळलेला असतो, हे लक्षात घेणे अधिक उपयुक्त ठरते.

अमेरिकेत हजारो रुग्णांनी दावे दाखल केले. एप्रिल २०१४ मध्ये लुइझियाना राज्यातील लाफाएत येथील ज्युरीने एका रुग्णाच्या दाव्यात दोन्ही कंपन्यांवर मिळून ९ अब्ज डॉलरची दंडात्मक भरपाई ठोठावली. त्यापैकी ६ अब्ज ताकेदाच्या आणि ३ अब्ज लिलीच्या वाट्याला होते. प्रत्यक्ष हानीची भरपाई मात्र सुमारे १५ लाख डॉलर एवढीच होती. न्यायाधीशांनी नंतर दंडाची रक्कम सुमारे ३ कोटी ६८ लाख डॉलरवर आणली, आणि २०१५ मध्ये ताकेदाने दायित्व मान्य न करता सुमारे २.४ अब्ज डॉलरची सामुदायिक तडजोड केली.

हानी आणि दंड यांच्यातील हे प्रचंड अंतर समजून घेण्यासाठी भारतीय न्यायदर्शनातील कारणविचार उपयोगी पडतो. नैयायिकांच्या मते कार्याच्या आधी नियमाने असणारी आणि 'अन्यथासिद्ध' नसणारी गोष्ट म्हणजे कारण. अन्यथासिद्ध म्हणजे जी नसतानाही कार्य घडून येते अशी, अर्थात कार्याच्या सिद्धीला अनावश्यक असलेली गोष्ट. कुंभाराची माती वाहून आणणारे गाढव घडा घडण्यापूर्वी हजर असते खरे, परंतु ते घड्याचे कारण ठरत नाही. औषध कंपनीचा बचाव तत्त्वतः हाच असतो: रुग्ण धूम्रपान करीत होता, त्याचे वय झाले होते, त्याला मधुमेह होता, म्हणून गोळी केवळ आधी हजर होती. हा युक्तिवाद सरसकट लबाडीचा म्हणता येत नाही, कारण तंबाखू हे मूत्राशयाच्या कर्करोगाचे प्रमुख कारण आहे हे निर्विवाद आहे.

अडचण पुढेच आहे. ब्रिटनमधील रुग्णांच्या नोंदींवर आधारलेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पायोग्लिटाझोन घेणाऱ्यांमध्ये हा धोका सुमारे ६३ टक्क्यांनी अधिक आढळला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील दीर्घ अभ्यासात मात्र संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय वाढ दिसली नव्हती. पहिला आकडा क्षणभर खरा मानला आणि सोयीसाठी ६० टक्के धरला, तर औषधाविना जेथे १०० रुग्ण आजारी पडले असते तेथे १६० पडतात. त्या १६० पैकी ६० जणांचा कर्करोग औषधामुळे झाला हे निश्चित, पण ते ६० कोणते हे सांगणारी कोणतीही तपासणी नाही. दिवाणी न्यायालय सामान्यतः 'अधिक संभव' म्हणजे अर्ध्याहून जास्त शक्यता मागते. येथे प्रत्येकाच्या बाबतीत ती साडेसदतीस टक्केच भरते. म्हणजे केवळ या गणितावर निकाल द्यायचा झाल्यास १६० च्या १६० जण हरतात आणि ६० जणांना झालेली निश्चित हानी कोणाचीच हानी राहत नाही. व्याप्ती, म्हणजे दोन गोष्टींमधील नियत साहचर्य, समूहात सापडते, पण न्याय व्यक्तीला द्यायचा असतो. या दरीवर पूल बांधण्याचे काम कोणत्याही एका साक्षीदार डॉक्टरच्या शपथेवर सोपवणे, ही विद्यमान पद्धतीतील सर्वांत दुबळी गोष्ट आहे.

ज्या ठिकाणी कारण दिसत नाही तेथे भारतीय परंपरेने अदृष्टाला स्थान दिले आहे, आणि मराठी घरांत त्यालाच प्रारब्ध किंवा भोग म्हणतात. 'हे भोगायचेच होते' या वाक्याने रुग्णाचे दुःख सुसह्य होत असेल, तर त्याला आक्षेप घेण्याचे कारण नाही. परंतु तेच वाक्य उत्पादकाच्या तोंडी आले की त्याचे स्वरूप बदलते, कारण प्रारब्ध भोगणाऱ्याच्या दुःखाचे स्पष्टीकरण देत असले, तरी दुःख देणाऱ्याच्या क्रियमाण कर्माचे, म्हणजे तो आज करीत असलेल्या कृतीचे, दायित्व कर्मसिद्धान्त कोठेही रद्द करीत नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात आयुष्य सर्वस्वी नियत असते का, हा प्रश्न उघडपणे चर्चिला आहे आणि त्याचे उत्तर नकारार्थी दिले आहे. दैवाबरोबर पुरुषकाराला, म्हणजे मानवी प्रयत्नाला, वाव नसता तर चिकित्सेलाच अर्थ उरला नसता. ज्या शास्त्राने औषध सार्थ ठरवण्यासाठी दैववाद नाकारला, त्याच शास्त्राच्या वारसांनी औषधाच्या दोषासाठी दैवाचा आधार घ्यावा, हे विसंगत आहे.

दंडाविषयीही परंपरेत विचार आहे. चुकीची चिकित्सा करणाऱ्या वैद्याला मनुस्मृती आणि याज्ञवल्क्यस्मृती दंड सांगतात, आणि याज्ञवल्क्य तर पशू, मनुष्य आणि राजपुरुष अशा चढत्या क्रमाने तो वाढवतो; ही विषमता आज कोणी समर्थनीय मानणार नाही. कौटिल्याचा नियम अधिक सूक्ष्म आहे: जिवाला धोका असलेली चिकित्सा पूर्वसूचना न देता करणारा वैद्य रोगी मेल्यास दंडाला पात्र होतो, आणि मृत्यू चिकित्सेच्या चुकीने झाल्यास दंड वाढतो. म्हणजे चिकित्सेतील प्रमाद आणि धोका न कळवणे हे येथे दोन वेगळे दोष मानले आहेत. लाफाएतच्या ज्युरीचा रोषही मुख्यतः दुसऱ्या दोषावर होता. त्या खटल्यात कंपनीने कागदपत्रे जपून ठेवली नाहीत, ही बाबही न्यायाधीशांनी गंभीरपणे घेतली होती. कर्करोगाचे कारण संदिग्ध राहू शकते, पण माहिती दडवली की नाही हा प्रश्न तसा संदिग्ध राहत नाही.

भारतातील मार्ग या भेदाकडे अर्धवट लक्ष देतात. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ ने उत्पादन-दायित्वाची कल्पना आणली. पुरेशा सूचना किंवा इशारा न देणे हा त्यात उत्पादकाच्या दायित्वाचा एक आधार आहे, आणि मागणीच्या रकमेनुसार नव्हे, तर खरेदीच्या मोबदल्यानुसार जिल्हा, राज्य किंवा राष्ट्रीय आयोगाकडे दाद मागता येते. मात्र तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच द्यायच्या वस्तूबाबत त्या तज्ज्ञाला वाजवी रीतीने इशारा दिला असल्यास उत्पादक सुटू शकतो, म्हणजे वेष्टनपत्रकातील मजकूर डॉक्टरपर्यंत पोचला की रुग्णापर्यंत तो पोचला का हे विचारले जात नाही. शिवाय तक्रारीची मुदत कारण उद्भवल्यापासून दोन वर्षे आहे. विलंब माफ करण्याची तरतूद असली, तरी दशकानंतर प्रकट होणाऱ्या रोगाच्या बाबतीत कारण नेमके कधी उद्भवले, हाच वादाचा विषय होतो. अमेरिकेत तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या एका निर्णयानुसार जेनेरिक औषधाच्या उत्पादकावर अपुऱ्या इशाऱ्याबद्दल राज्य कायद्याखाली दावा चालत नाही. रोग तोच, गोळी तीच, पण खोक्यावरील नावावरून न्यायाचे दार उघडते किंवा मिटते.

ताकेदाच्याच मायदेशात वेगळी वाट दिसते. क्लिओक्विनॉल या औषधामुळे मज्जासंस्थेच्या विकारांची मोठी लाट आल्यानंतर जपानने १९८० मध्ये औषधांच्या दुष्परिणामांसाठी साहाय्य निधी सुरू केला; त्यात उद्योगाकडून वर्गणी घेतली जाते आणि औषध योग्य रीतीने वापरूनही गंभीर हानी झालेल्यास, कोणाचाही दोष सिद्ध न करता, वैद्यकीय खर्च व भत्ते मिळतात. या निधीला मर्यादा आहेत. काही औषधे, त्यांत कर्करोगावरील बरीच औषधे, त्याच्या कक्षेबाहेर आहेत, आणि औषधाशी संबंध असल्याचा अभिप्राय येथेही लागतोच. तरीही साहाय्य आणि शिक्षा यांची त्याने फारकत केली आहे, आणि हीच व्यवस्था तात्त्विकदृष्ट्या अधिक सुसंगत आहे. साहाय्य हानीसाठी द्यावे, शिक्षा मौनासाठी द्यावी. दोन्ही एकाच खटल्यात कोंबल्यास ज्याला हानी झाली तो पुराव्याअभावी रिकाम्या हाताने परततो आणि ज्याने लपवले तो तडजोडीने मोकळा होतो.

भारतात औषध-चाचणीत हानी झालेल्या व्यक्तीसाठी भरपाईचे नियम २०१३ पासून आहेत आणि २०१९ च्या नव्या नियमांतही ते कायम आहेत. तेच औषध दुकानातून विकत घेऊन हानी झालेल्या रुग्णासाठी जपानसारखा कोणताही निधी नाही.