‘बरा झालास ना?’



आपल्या वेदीसेवकांपैकी चौथीतला एक मुलगा न्यूमोनियातून उठून मागच्या महिन्यात पहिल्यांदाच मिस्साला आला. “बरा झालास ना?” मी विचारले. तो म्हणाला, “हो, फादर.” मी लगेच त्याच्या हाती धूपदानी दिली. धूर नाकात जाताच त्याला खोकल्याची उबळ आली. पुढच्या बाकावरचे एक कुटुंब उठून मागे जाऊन बसले. मिस्सानंतर त्याची आजी एवढेच म्हणाली, “फादर, सोमवारपासनं शाळेत जातंय. तिथंबी असंच हुतंय.”

चूक माझी होती. माझा प्रश्न खरा प्रश्न नव्हताच. मला धूपदानी धरायला कोणीतरी हवे होते आणि ‘नाही’ म्हणायला त्या पोराला जागा नव्हती.

आपण मोठी माणसे मुलांना असेच विचारतो. बरा झालास ना? मग राहिलेल्या वह्या पूर्ण कर, चाचणी दे, कवायतीला उभा राहा. ताप उतरला की आपल्या लेखी आजार संपला. विषाणूच्या संसर्गानंतरचा खोकला मात्र तीन ते आठ आठवडे रेंगाळू शकतो. त्यात आपल्या तालुक्यात हंगामात बेदाण्याच्या शेडवर गंधकाची धुरी असते, ती मोठ्यांच्याही घशाला लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1948 साली अमलात आलेल्या घटनेत आरोग्य म्हणजे केवळ रोग नसणे नव्हे, असे म्हटले आहे. शरीर, मन आणि चारचौघांतले जगणे, तिन्ही त्यात धरले आहे.

“सगळ्यांना एकच नियम, हा न्याय नाही का?” असे कोणी विचारील. सेमिनरीत अॅरिस्टॉटल शिकताना एक गोष्ट मनात बसली: जे समान नाहीत त्यांना समान वागवणे हाही अन्यायच. शंभर टक्के हजेरीचे बक्षीस मला म्हणूनच खटकते. त्यापायी अंगात ताप असलेले मूल शाळेत येते आणि घरी राहिलेले शहाणे मूल मागे पडते.

उठून गेलेल्या कुटुंबाला मी दोष देत नाही. 2009 साली पुण्यात स्वाइन फ्लूने एका शाळकरी मुलीचा बळी गेला, तो देशातला पहिला. पुढे कोरोनात आपल्या खेड्यांतले पहिली ते चौथीचे वर्ग 1 डिसेंबर 2021 लाच उघडले. जून 2020 मध्ये पहिलीत नाव घातलेले मूल वर्गात बसले तेव्हा दुसरीत होते! ती भीती अजून अंगात आहे. पण खोकणाऱ्या पोराला आपली उठलेली पाठ दिसते, एवढे ध्यानात असावे.

संत मार्कच्या शुभवर्तमानातील याईराची बारा वर्षांची मुलगी आठवा. प्रभूने आधी गर्दी बाहेर काढली. मुलगी उठून चालू लागल्यावर त्याने तिला काही खायला द्यायला सांगितले. एवढा मोठा चमत्कार झाला, तरी तिला भूक लागली असेल हे त्याच्या लक्षात होते.

परवा मी त्या मुलाला पुन्हा विचारले; या वेळी बाकावर शेजारी बसून, काही काम न सांगता. बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, “पळायला नको वाटतं, फादर. पण बाजूला बसलं की पोरं हसत्यात.”

यावर माझ्याकडे तयार उत्तर नाही. गुरुवारी आजी सरांना भेटायला शाळेत जाणार आहे. मीही सोबत जाईन.

आपला,
फादर