तिसरी प्लेट

घरातली मंडळी उठायच्या आधीचा तास माझा. मागच्या गॅलरीत छोटा लेथ आहे, पण एवढ्या पहाटे मोटार लावली तर शेजारी जागे होतील. म्हणून या वेळेला फक्त स्क्रेपिंग, म्हणजे धातू हाताने खरवडून सपाट करणं.

लेथ विकत घेतलेला आहे. खरं तर तो स्वतः बांधायचं फार मनात होतं. अमेरिकेतल्या डेव्ह जिंजरी यांनी १९८०च्या दशकात, लेथसकट सगळं वर्कशॉप स्वतः बांधण्यावर सात पुस्तकं लिहिली. कोळशाच्या भट्टीत भंगारातलं अॅल्युमिनियम वितळवायचं, वाळूच्या साच्यात ओतायचं आणि अर्धवट झालेल्या लेथवरच त्याचे पुढचे भाग घडवायचे. वाचताना अंगावर काटा आला होता. पण तिसऱ्या मजल्यावर भट्टी कुठे पेटवणार?

आणलेला लेथ दिसायला चकचकीत. हत्यार आडवं सरकवणारी क्रॉस स्लाइड मात्र एका जागी आवळायची, दुसरीकडे ढिली पडायची. जिब, म्हणजे तिचा ढिलेपणा काढणारी पट्टी, कितीदा सेट केली तरी तेच. शेवटी सगळं उलगडलं, तर स्लाइडचं पोट सपाट नव्हतंच.

मग सपाटी तपासायला ग्रॅनाइटची सरफेस प्लेट घेतली. तिच्यावर निळा रंग बोटाने इतका पातळ पसरायचा की खालचा दगड दिसला पाहिजे. स्लाइड टेकवून हलकेच फिरवली की उंचवट्यांना निळं लागतं. तेवढेच ठिपके खरवडायचे, पुसायचं, पुन्हा टेकवायचं. एका फेरीत निघतात ते काही मायक्रॉन.

हे करताना एक प्रश्न मनात घोळू लागला. माझी स्लाइड सपाट आहे की नाही हे प्लेट सांगते, पण प्लेटला कोणी सांगितलं? दोनच प्लेटा एकमेकींशी जुळवल्या तर एक किंचित फुगीर आणि दुसरी तितकीच खोलगट होऊ शकते. बिनचूक जुळतात, आणि दोघीही चुकलेल्या असतात. तिसरी आणून तिघींना आळीपाळीने जुळवलं की ही चूक लपायला जागा उरत नाही. यंत्रकार हेन्री मॉड्स्ले यांच्या लंडनच्या कारखान्यात हात तयार झालेल्या इंग्रज अभियंते जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४० साली ग्लासगोला ही रीत मांडली, आणि प्लेटा घासू नका, खरवडा, असा आग्रह धरला. जवळ एकही सपाट वस्तू नसताना नुसत्या हातांनी सपाटी निर्माण करता येते, याचं मला अजून नवल वाटतं.

यंत्र बांधावं की विकत घ्यावं यावर आम्ही हौशी मंडळी तावातावाने बोलतो. मी आता नवख्यांना सांगतो, खुशाल विकत घ्या, पण पहिल्याच महिन्यात उघडा. विकतच्या यंत्राच्या मुळाशीही कुणाचं तरी असंच हाताने खरवडणं आहे, आणि ते बरेचदा आपल्यासाठी थोडं शिल्लक ठेवलेलं असतं.

आज ठिपके स्लाइडभर उमटलेत. डावा कोपरा तेवढा कोरडा आहे. तो काही वर येणार नाही, बाकीचं सगळं त्याच्यापर्यंत खाली न्यावं लागेल.