भांग, खांड आणि कूळ

धरमतर या गावाच्या नावातच एक फसवा शब्द आहे. ‘तर’ आपण दिवसातून शंभरदा वापरतो, दोन वाक्यं जोडायला. जुन्या मराठीत मात्र तर म्हणजे नावेने पाणी ओलांडायची जागा. अंबा नदीच्या खाडीवर पूल नव्हता तेव्हा पेणकडून अलिबागला निघालेला माणूस इथे नावेत बसे. मुंबईच्या आगबोटीही या बंदराला लागत. आज पुलावरून गाड्या धावतात, खाडीतून डोलवीच्या पोलाद कारखान्याचा माल वाहणारे बार्ज जातात. नावातला ‘तर’ कुणाला अडवत नाही, म्हणून तो कुणी विचारतही नाही.

अनोळखी शब्द माणसाला थांबवतो, कोश उघडायला लावतो. ओळखीचा वाटणारा शब्द थांबवत नाही, आणि घोळ तिथेच होतो. धरमतर खाडीच्या दोन्ही तीरांवरच्या खारेपाटात असे शब्द पावलोपावली भेटतात. ‘भांग’ म्हटलं की शहरी माणसाला केस आठवतात, नाहीतर होळी. खाडीकाठी भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासची मंद भरती. पौर्णिमा-अमावस्येला उधाण येतं, पाणी बांधाच्या माथ्याला लागतं. भांगात ते कमी चढतं. ‘खांड’ म्हणजे बांधाला पडलेलं भगदाड. बाहेरकाठा, म्हणजे खाडीच्या अंगाचा बांध फुटला, की उधाणाच्या प्रत्येक भरतीला खारं पाणी भातशेतीत शिरतं आणि खांड रुंदावत जाते. म्हणून ‘खांड भांगात बांधायची’ एवढ्या तीन शब्दांत चंद्राची तिथी, पाण्याचा जोर आणि गावाने मिळून चिखल वाहायचा दिवस, सगळं येतं. भांगाचे मोजके दिवस हातचे गेले की पुढचं उधाण दारात उभं असतं. हा अर्थ नुसत्या शब्दार्थाने हाती लागत नाही. तो कामात असतो, आणि काम कळल्यावरच शब्द कळतो.

त्यात इथल्या आगरी बोलीचा उच्चार. शब्दाच्या मध्ये येणारा ‘ड’ इथे ‘र’ होतो: घोडा ‘घोरा’, गाडी ‘गारी’, पडला ‘परला’. बाहेरून आलेला माणूस याला अशुद्ध म्हणून मोकळा होतो. पण हा बदल नियमाने होतो, आणि नियमाने होणारी गोष्ट चूक नसते. ऐकणाऱ्याला तो नियम माहीत नसतो, एवढंच.

ओळखीचा शब्द चकवतो, हे सगळ्याच भाषांत घडतं. थाई शिकू पाहणाऱ्या मराठी माणसाला सुरुवातीला आनंद होतो, कारण तिथे संस्कृतातून गेलेले शब्द रांगेने उभे दिसतात. पण थाईतला ‘करुणा’ बोलताना ‘कृपया’च्या जागी येतो, आणि आपला ‘रथ’ तिथे साध्या मोटारीला चालतो. उलट ‘क्रेंग चाय’ हा शब्द कानाला पूर्ण परका. दुसऱ्याला आपल्यामुळे त्रास नको म्हणून माणूस मागे सरतो, ती ही भावना. मराठी माणसाला ती समजवावी लागत नाही. आपण तिला भीड म्हणतो. सारखा दिसणारा शब्द चकवतो आणि परका शब्द घरचा निघतो. अर्थ कळायचा तर शब्दाच्या रूपापेक्षा तो वापरणाऱ्या माणसांच्या व्यवहाराकडे पाहावं लागतं.

खारेपाटाने शब्दाच्या अर्थासाठी किंमत मोजली आहे. ‘कूळ’ म्हणजे एरवी घराणं. शेतीच्या व्यवहारात दुसऱ्याची जमीन कसणारा माणूस. खाडीपलीकडे अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी 1933 साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी खोतांच्या जमिनी न कसण्याचा निर्धार केला. सहा वर्षं शेतं ओस राहिली, माणसांनी मिळेल ते काम करून दिवस काढले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांना साथ दिली आणि 1937 साली खोती नष्ट करण्याचं विधेयक कायदेमंडळात मांडलं. 1939 च्या कायद्याने संरक्षित कुळाला मान्यता दिली. बोलण्यातला शब्द कायद्यात शिरला आणि त्याने कसणाऱ्याच्या पायाखाली जमीन दिली.

आज उलटा प्रवास दिसतो. खांड वेळेवर बांधली नाही की शेतात खारं पाणी राहतं, मग तिवरं उगवतात. काही वर्षांनी तीच जमीन कागदावर ‘कांदळवन’ ठरते. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 च्या आदेशाने आणि 2018 च्या निकालाने कांदळवनांना संरक्षण दिलं, आणि ते हवंच. किनारा त्यांच्यामुळे टिकतो. पण ज्या शेतात बापजाद्यांनी भात काढला त्याला गाव आजही शेतच म्हणतं. दोन्ही शब्द खरे आहेत. मात्र ‘कांदळवन’ लिहिताना ‘खांड’ लिहिली नाही, तर जमीन तशी का झाली हेच नोंदीतून पुसलं जातं, आणि बांध राखण्याची जबाबदारी कोणाची होती हा प्रश्नही.

मोल्सवर्थने एकोणिसाव्या शतकात आपल्या मराठी-इंग्रजी कोशात कोकणचे शब्द निगुतीने टिपले. त्यापुढचं काम आपलं आहे. खारभूमीच्या योजना आखणाऱ्या अभियंत्याने आणि पंचनामा लिहिणाऱ्या तलाठ्याने गावचे शब्द गावच्याच अर्थाने लिहावेत. बांध कधी फुटला, किती भांग हुकले, पाणी किती उधाणं आत राहिलं, हे पंचनाम्यात आलंच पाहिजे. खारेपाटाच्या शाळांत हे शब्द मुलांनी वडीलधाऱ्यांकडून विचारून, कामासकट लिहून काढावेत. बोली जपायची ती कौतुकासाठी नव्हे. तिच्यात लोकांच्या हक्काचा पुरावा आहे, आणि तो वाचता येणं ही शासनाची जबाबदारी आहे.