चाकं पोटात घ्यायची का?

रेडिओवर उडणारं लढाऊ विमानाचं मॉडेल बांधायला घेतलं की दोन निर्णय सगळ्यांत जास्त छळतात. नाकात कुठलं इंजिन बसवायचं हा एक. आणि चाकं पंखात मिटतील अशी सोय करायची, की ती खाली तशीच राहू द्यायची, हा दुसरा. या छंदातले लोक अशा मॉडेलला ‘वॉरबर्ड’ म्हणतात आणि मिटणाऱ्या चाकांच्या यंत्रणेला ‘रिट्रॅक्ट्स’. प्रश्न वरवर पाहता वजनाचे, पैशांचे आणि स्क्रूच्या मापाचे आहेत. पण थोडं खाली उतरलं की लक्षात येतं, दोन्हीकडे विचारलं जातंय ते एकच: नक्कल करताना आपलं इमान नेमकं कुणाशी असावं?

प्रश्न हवेत राहू नये म्हणून तो भिवंडीत आणू. समजा, मानकोलीच्या एखाद्या गोदामात पॅकिंग करणारा, विमानांचं वेड असलेला मुलगा आहे. आयात केलेल्या एका फोर-स्ट्रोक इंजिनात त्याचा महिन्याचा पगार सहज संपतो. इंजिन ऑनलाइन मागवलं, तर ते कदाचित त्याच्याच शेजारच्या गोदामातून फिरून त्याच्या घरी येईल. आणि विमान उडवायला जागा शोधायला निघालं, तर पूर्वी जिथे भातशेती होती तिथे आता पत्र्याच्या शेडांच्या रांगा. जी गोदामं विमान आणून देतात, तीच त्याची धावपट्टी खातायत. उरलीसुरली जागा म्हणजे कापणीनंतरचं शेत: बांध, ढेकळं आणि भाताचे खुंट. असल्या जमिनीवर काय उतरवायचं, हा त्याच्या पुढचा खरा प्रश्न.

आवाज कुणाचा?

आधी इंजिन. साधारण ६०-६५ इंच पंखांचं, साडेतीन-चार किलोचं मॉडेल धरू. त्याला १० सीसीचं टू-स्ट्रोक ग्लो इंजिन चालतं. स्वस्त, हलकं, साधं. ते १२ इंची पंखा मिनिटाला अकरा-बारा हजार वेळा फिरवतं आणि चिडलेल्या गांधीलमाशीसारखं किंचाळतं. १५ सीसीचं फोर-स्ट्रोक महाग आणि जड, पण ते १४ इंची पंखा नऊ हजारांच्या आसपास फिरवतं. आवाज खोल, खर्जातला. तिसरा पर्याय इलेक्ट्रिक मोटर आणि लिपो बॅटरी. ना धूर, ना तेल, ना शेजाऱ्यांची तक्रार. तेही नको असेल तर छोटं पेट्रोल इंजिन असतंच.

ग्लो इंजिनाचं इंधन म्हणजे मिथेनॉल आणि त्यात वंगणासाठी एरंडेल किंवा कृत्रिम तेल. एरंडेल आपल्याकडे सहज मिळतं. मिथेनॉलचं तसं नाही, आणि नसावंही. २०१५ साली मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं गेली, त्यामागे हेच मिथेनॉल होतं. कुणाचा छंद तो कुणाचं मरण, हे इथे अलंकार म्हणून म्हणत नाही. दुकानदार ‘कशाला हवं?’ असं विचारत असेल तर त्याचा राग मानू नये. तो प्रश्न योग्यच आहे, आणि त्याचं उत्तर देता येणं हा छंदाचाच भाग आहे.

आता गंमत पाहा. स्पिटफायर आणि हरिकेन या दोन्ही विमानांत रोल्स-रॉइसचं मर्लिन इंजिन होतं: १२ सिलिंडर, २७ लिटर. त्याचा आवाज ऐकून लोक आजही हळवे होतात. इलेक्ट्रिक मॉडेलमध्ये तो आवाज हवा असेल तर त्याचीही सोय आहे. पोटात स्पीकर बसवायचा आणि मर्लिनचं रेकॉर्डिंग लावायचं. थ्रॉटल वाढवला की आवाजही वाढतो.

मग जास्त खरं काय? हुबेहूब मर्लिनसारखा वाजणारा स्पीकर, की मर्लिनसारखं न वाजणारं, पण स्वतःच्या पोटातल्या स्फोटांनी वाजणारं एका सिलिंडरचं फोर-स्ट्रोक?

मला वाटतं, सारखेपणा दोन प्रकारचा असतो. एक कारणातून येतो, दुसरा वरून चिकटवलेला असतो. आत्याचं नाक भाचीला येतं तो पहिला, फिल्टर लावून नटीसारखा चेहरा केला तो दुसरा. मर्लिन फोर-स्ट्रोक होतं आणि मॉडेलचं इंजिनही फोर-स्ट्रोक आहे. त्या दोन आवाजांत थोडंसं साम्य आहे ते नातं असल्यामुळे. स्पीकरचं साम्य जास्त आहे, पण नातं नाही. त्या मोटरला स्वतःचा आवाज आहे. तो आपण झाकून टाकला, एवढंच.

यावर कुणी म्हणेल, ही सोवळ्याची भाषा झाली. पोराला मजा येते ना, मग झालं. खरंय, स्पीकर लावणं हे काही पाप नाही. फक्त त्याची जात ओळखावी. शिवाय इथे अनेकदा खरेपणाचा व्यवहारातही उपयोग होतो. स्पिटफायरसारख्या विमानाचं नाक आखूड. मॉडेलचा गुरुत्वमध्य जागेवर आणायला नाकात शिसं भरावं लागतं. हलकं इंजिन निवडून वाचवलेले ग्रॅम शिशाच्या रूपात परत येतात. म्हणजे वजन उचलायचंच आहे. ते मुकं उचलायचं की कामाचं, एवढाच पर्याय. जड फोर-स्ट्रोक तिथे चैन राहत नाही.

चाकं कुणासाठी मिटतात?

रिट्रॅक्ट्सचं प्रकरण जास्त अवघड. खऱ्या विमानात चाकं मिटायची ती हवेचा अडथळा कमी व्हावा आणि वेग वाढावा म्हणून. तो वेग म्हणजे जगणं किंवा मरणं. मॉडेल ताशी ८०-९० किलोमीटरने उडतं, आणि तेवढा फरक पडला न पडला तरी कुणाचं काही अडत नाही. उलट यंत्रणेचं दोन-तीनशे ग्रॅम वजन वाढतं, पंखात पोकळी कोरावी लागते, प्लायवूडच्या पट्ट्यांनी ती मजबूत करावी लागते. म्हणजे ज्या कामासाठी चाकं मिटत होती ते काम उरलेलंच नाही. उरलंय ते दिसणं.

आणि दिसणंही किती? जमिनीपासून शंभर फुटांवरून विमान सर्रकन जातं. चाकं आत आहेत की बाहेर, हे पाहणारे मोजून चार जण. त्यातला एक आपण स्वतः.

इथे मला बालगंधर्व आठवतात. नाटकात खरे भरजरी शालू, खरं उंची अत्तर. मागच्या रांगेतल्या प्रेक्षकाला शालूचा पोत काय दिसणार होता? पण नेसणाऱ्याला तो कळत होता. त्या हट्टातून रंगभूमीला एक वैभव मिळालं आणि गंधर्व नाटक मंडळीच्या डोक्यावर कर्जाचा डोंगरही चढला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि एकीसाठी दुसरी विसरता येत नाही.

याच्या उलट टोकाला आपला दिवाळीतला किल्ला. मातीचा ढिगारा, त्यावर अळीव पेरून उगवलेलं हिरवं रान, बुरुजापेक्षा उंच मावळा आणि दरवाजातून आत न मावणारा हत्ती. तरी एकाही मुलाला तो किल्ला खोटा वाटत नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात लोकधर्मी आणि नाट्यधर्मी असा भेद केलेला आहे: जगात दिसतं तसं दाखवणं, आणि संकेतांनी दाखवणं. किल्ला पूर्ण नाट्यधर्मी. वॉरबर्ड बांधणारा मात्र लोकधर्मीच्या मागे लागलेला असतो, पार रिव्हेट मोजण्यापर्यंत. रिट्रॅक्ट्स हा त्या वाटेवरचा मोठा टोलनाका.

टोल भरायचाच असेल तर प्रकार माहीत हवेत. हवेच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रणेत पोटात छोटी टाकी असते, ती पंपाने भरायची. हवा गळली की पंचाईत. पण त्यातलाच एक प्रकार असा आहे की चाकं वर घ्यायला हवा लागते आणि खाली यायला स्प्रिंग. हवा गळली तर चाकं आपोआप खाली. विद्युत यंत्रणा बसवायला सोपी आणि गळतीची भानगड नाही, पण वीज गेली की ती जिथल्या तिथे थांबते. पहिल्या प्रकारातली युक्ती मला फार आवडते. बिघाड होणार हे धरूनच, बिघडल्यावर काय व्हावं ते आधी ठरवून ठेवलंय. माणसांच्या कितीतरी व्यवस्थांत हा विचार नसतो.

जमिनीचं म्हणणं

आता परत त्या शेतात. स्पिटफायरचे पाय बाहेरच्या बाजूला मिटतात, त्यामुळे उतरताना दोन चाकांमधलं अंतर कमी. ओबडधोबड जमिनीवर ते पटकन कलंडतं, मॉडेलही आणि मूळ विमानही. हरिकेनचे पाय आत मिटतात, त्यामुळे बैठक रुंद. हिंदी हवाई दलाच्या पहिल्या स्क्वाड्रनने १९४४ साली अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली इंफाळच्या लढाईत हरिकेनच उडवली होती.

त्याच स्क्वाड्रनने त्याआधी, १९४२ साली ब्रह्मदेशात, वेस्टलंड लायसँडर उडवलं. पंख वर, गोल इंजिन, आणि चाकं कायमची बाहेर, मोठाल्या आवरणांत. ती विमानं मुंबईच्या युद्धनिधीच्या पैशांतून आली होती. लायसँडर लढाऊ विमान नव्हतंच; सैन्याला टेहळणीत मदत करणारं, आखूड जागेत चढणारं-उतरणारं. पण करुण कृष्ण मजुमदार यांच्या हाताखाली त्याच विमानांनी शत्रूच्या तळांवर बॉम्ब टाकले.

म्हणजे भाताच्या शेतातून उडवायचं असेल तर एक असं मूळ उपलब्ध आहे, ज्याच्याशी प्रामाणिक राहायला चाकं मिटवावीच लागत नाहीत. गोल काउलमध्ये फोर-स्ट्रोकचं डोकं आणि मफलरही मावून जातात. चाकांच्या आवरणात ढेकळं अडकतील, पण आवरणाचा खालचा भाग काढून ठेवता येतो.

पण मन लायसँडर मागत नाही ना! मन मागतं स्पिटफायर. इच्छेला युक्तिवादाने गप्प बसवता येत नाही आणि बसवूही नये. एवढंच विचारावं की ही इच्छा कुठून आली. गेममधून, सिनेमातून, दुसऱ्यांच्या युद्धस्मृतीतून आली असेल, तर आपल्याकडच्या आठवणीला तिच्या शेजारी उभं राहायची एक संधी द्यावी. मग निवड करावी.

मजुमदारांचं पुढे काय झालं, तेही सांगायला हवं. दोनदा डीएफसी मिळालेला हा वैमानिक ब्रह्मदेशातून सुखरूप परतला, आणि फेब्रुवारी १९४५ मध्ये लाहोरला हवाई कसरती करताना त्यांचं हरिकेन कोसळलं. ते गेले ते प्रेक्षकांसमोरच्या प्रात्यक्षिकांच्या कामात. दिसण्यासाठी केलेल्या उड्डाणाचीही किंमत असते.

नकलेतून काय गळतं

सगळ्यांत अडचणीचा प्रश्न शेवटी ठेवला. आपण रिव्हेट मोजतो, चाकाचा कोन जुळवतो, रंगाची छटा शोधतो. पण ज्या वस्तूची ही नक्कल, ती माणसं मारण्यासाठी बांधलेली होती. तो भाग नकलेत येत नाही. यायलाही नको. मग ही निष्ठा अर्धवट नाही का?

भिवंडीहून फार लांब जायला नको. कल्याण-अंबरनाथच्या बाजूला नेवाळीत दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली धावपट्टी आहे. ब्रिटिशांनी युद्धासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या. युद्ध संपलं, पण जमिनींचा वाद संपला नाही. नौदलाने कुंपणाचं काम सुरू केल्यावर जून २०१७ मध्ये तिथल्या गावकऱ्यांचं आंदोलन पेटलं, गाड्या जळल्या, माणसं जखमी झाली. १९४५ साली संपलेल्या युद्धाचं बिल ठाणे जिल्ह्यातली कुटुंबं सात दशकांनंतरही भरत होती.

म्हणून वॉरबर्ड बांधू नये, असं मी म्हणणार नाही. दिवाळीचा किल्ला बांधणारी मुलं हिंसेची पूजा करत नसतात. ती मातीत हात घालून एक गोष्ट स्वतःच्या उंचीची करून घेत असतात. पण रिव्हेटची संख्या पाठ असणाऱ्याला नेवाळीचं नावही माहीत नसेल, तर त्याची अचूकता अजून अपुरी आहे. खरेपणा हवा ना, मग तो पंखाच्या टोकाशी थांबवू नका. विमानाखालची जमीनही मूळ नमुन्याचाच भाग होती.

यातून माझ्यापुरता एक क्रम लागतो. सगळ्यांत आधी खाली उभी असलेली माणसं: चार किलोचं धूड ताशी ८० किलोमीटरने जातं आणि फिरता पंखा बोट ठेवत नाही, म्हणून डिजिटल स्काय नकाशा, ड्रोन नियम २०२१ आणि मोकळं मैदान हे इंजिनाच्याही आधी. मग जमीन: ती जे पेलेल तेच पाय. मग मूळ विमान, त्याच्या इतिहासासकट. आणि शेवटी व्हिडिओ बघणारे.

या क्रमाने गेलं तर बहुतेकांचं उत्तर हरिकेन किंवा लायसँडर येईल, फोर-स्ट्रोकसह किंवा इलेक्ट्रिकवर, खिसा बघून. तरीही एखाद्याने सगळं समजून-उमजून स्पिटफायरच घेतलं, स्प्रिंगने चाकं उघडणारे रिट्रॅक्ट्स बसवले आणि सपाट पट्टी शोधत दर रविवारी चाळीस किलोमीटर गेला, तर त्यालाही माझी हरकत नाही. त्याने टोल स्वतःच्या खिशातून भरलाय. हरकत आहे ती फक्त त्या खरेपणाला, ज्याची किंमत शेताच्या बांधावर उभ्या असलेल्या दुसऱ्याच कुणाला मोजावी लागते.