उरलेल्या पाण्यातील मासे

वैशाख सरत आला की बीड जिल्ह्यातील तलाव आक्रसू लागतात. सिंदफणेवरचे माजलगावचे धरण असो वा पालीजवळचा बिंदुसरा प्रकल्प, काठ मागे हटतो, गाळ तडकतो आणि मासे खोल डोहात गोळा होतात. तेव्हा जाळे टाकणाऱ्यास फारसे कौशल्य लागत नाही. अशाच एका सायंकाळी परिचयाच्या एका भोईदादांना आम्ही विचारले, "दादा, बोटभर पिल्लेही का काढता?" ते म्हणाले, "फादर, ठेवून काय करू? पाणी गेलं की घारी-बगळेच खातील."

उत्तर बिनतोड वाटले. शिवाय ह्या माशांवर त्यांचा हक्कही होता. रोहू, कटला, मृगळ हे मासे साठलेल्या पाण्यात सहसा अंडी घालीत नाहीत. त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. १९५७ साली डॉ. हिरालाल चौधरी ह्यांनी ओडिशात संप्रेरकाच्या साहाय्याने त्यांचे प्रजनन घडवून आणले आणि पुढे मत्स्यबीज केंद्रांतून बोटुकली मिळू लागली. ती पैसे मोजून आणावी, तलावात सोडावी व वाढल्यावर धरावी, ही एक प्रकारची शेतीच होय. पेरणाऱ्याने कापावे, ह्यात अन्याय कोणता?

तथापि तलावातील सर्वच काही पेरलेले नसते. मरळ कोणी सोडली? पावसाच्या आरंभी ती अंडी घालते आणि नर-मादी पिल्लांची राखण करतात. बारीक जाळ्यास सोडलेला मासा कोणता आणि देवाने दिलेला कोणता, हे कळत नाही.

दुसरे असे की, 'नाही तरी मरणारच आहे' हा युक्तिवाद माशांपाशी थांबत नाही. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांच्या खोलीबाहेरही तो आम्ही ऐकला आहे. त्यात मरणाची खात्री आपण आपल्या सोयीने धरतो. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटले, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात ते धरण भरले.

काश्मीर व निलगिरीच्या थंड पाण्यात इंग्रजांनी ट्राउट आणून सोडला. पिसांची खोटी माशी गळाला बांधून त्यास फसविणे हा तेथे छंद झाला. भोईदादांची गोष्ट निराळी. त्यांच्या जाळ्यावर चूल अवलंबून आहे. भरल्या ताटावरून त्यांना उपदेश करण्याचा अधिकार आम्हांस नाही. पण गरजेलाही एक सीमा असते. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात घरट्यातील पिल्ले घेणाऱ्यास पक्षिणीला सोडून देण्याची आज्ञा आहे. घेण्यास तेथे मनाई नाही; सर्वस्व घेण्यास आहे.

तिबिर्याच्या समुद्रावर शिष्यांच्या जाळ्यात १५३ मासे आले. परंतु ते किनाऱ्यावर उतरले तेव्हा प्रभूने निखाऱ्यांवर मासळी आधीच ठेवली होती. आपल्या मुखी पडणारा प्रत्येक घास आपल्याच जाळ्यातून येतो, हा भ्रम त्या पहाटे गळून पडला असावा.

आम्ही भोईदादांना एवढेच म्हणालो, "दादा, घारींनाही तोच बाप खाऊ घालतो. थोडे त्यांच्यासाठी राहू द्या. पाऊस आधी आला, तर तुमच्यासाठीच राहील." ते काही बोलले नाहीत. टोपलीतली मूठभर पिल्ले मात्र त्यांनी पुन्हा पाण्यात सोडली.