जळण

कर्जतहून ठाकुरवाडीकडे जाताना पुढच्या टेम्पोच्या पाठीवर लिहिलेलं होतं, 'जळू नका, बरोबरी करा'. असलं वाचून आपण हसतो आणि टेम्पोला मागे टाकतो. त्या दिवशी मात्र तासाभराने हेच मला चहासोबत ऐकावं लागलं. वाडीला लागून एका ओळखीच्यांचं फार्महाऊस आहे. त्यांच्या बोअरवेलमुळे विहीर आटते, अशी तक्रार वाडीने ग्रामपंचायतीत केली होती. "जळतात हो आमच्यावर," ते म्हणाले. "मत्सर माणसाचं काय करतो, ते 'कट्यार'मध्ये पाहिलंत ना? तो खाँसाहेब!" त्यांच्या फोनची रिंगटोनही त्याच चित्रपटातली.

मी चहा संपवला. पण 'मत्सर' हा शब्द इतका स्वस्त कधी झाला, हे काही डोक्यातून जाईना.

षड्रिपूंत मत्सराचा नंबर शेवटचा. त्याच्या शेजारीच 'असूया' राहते. असूया म्हणजे दुसऱ्याच्या गुणातही दोष काढणं. गीतेच्या नवव्या अध्यायात कृष्ण अर्जुनाला गुह्य सांगतो, ते तो 'अनसूयु' आहे म्हणून. दुर्योधनाचा जळफळाट इंद्रप्रस्थाच्या वैभवाने होतो, पण ते वैभव चुलतभावांचं आहे. मगधाचं वैभव पाहून त्याची झोप उडाल्याचं ऐकिवात नाही. ज्याच्या पंक्तीला आपण बसलो, त्याच्या ताटात जास्त पडलं की पोटात दुखतं. मराठीने तर यासाठी 'भाऊबंदकी' हा शब्दच घडवला आणि खाडिलकरांनी १९०९ साली त्याच नावाने नारायणराव पेशव्यांच्या खुनावर नाटक लिहिलं. देवलांनी 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव' त्याआधीच, १८९० साली केला होता. तिथेही विष बाहेरून येत नाही, ते विश्वासातल्या माणसाकडूनच येतं.

सिनेमाने हे घराच्या आत नेलं. हृषीकेश मुखर्जींच्या 'अभिमान'मध्ये (१९७३) बायकोला गायला लावतो नवराच, आणि तिचं नाव मोठं झालं की आतून पोखरला जातो तोही नवराच. मत्सराला सभ्य नाव द्यायचं तर 'अभिमान' बरं दिसतं. फोरमनच्या 'अमाडेउस'मधला (१९८४) सॅलिएरी मोझार्टवर जळतो, पण भांडतो देवाशी. हे सगळं वाचकांना ठाऊक आहे, म्हणून पुढे जातो.

थांबायचं आहे ते 'कट्यार काळजात घुसली'पाशी. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं नाटक १९६७चं, सुबोध भावेंचा चित्रपट २०१५चा. या दोहोंतल्या फरकावर बोलणारे दोनच गोष्टी सांगतात: चित्रपटाने खाँसाहेबाला खलनायक केलं, किंवा चित्रपटाने मत्सराचे परिणाम ठसठशीत दाखवले. दोघांनाही खरा बदल पटकथेत दिसतो. मला तो आवाजात दिसतो.

नाटकात खाँसाहेब होते वसंतराव देशपांडे. लोक तिकीट काढून जात ते त्या गळ्यासाठी. म्हणजे रंगमंचावर जळणारा माणूस आणि प्रेक्षकाला वेड लावणारा माणूस एकच. ज्याच्या तानेला 'वा' निघते, त्याचा तिरस्कार करायचा कसा? समोर बसलेल्याला आपल्याच आतलं काहीतरी ओळखून खाली मान घालावी लागे. चित्रपटात खाँसाहेबाचा चेहरा सचिन पिळगांवकरांचा आणि गळा राहुल देशपांडेंचा, वसंतरावांच्या नातवाचा. दोघांनीही आपापलं काम चोख केलं, याबद्दल तक्रार नाही. पण चेहरा आणि गळा वेगळे झाले की प्रेक्षकाची सोय होते. टाळी गळ्याला, शिव्या चेहऱ्याला. मत्सर 'त्याचा' झाला आणि आपण सुटलो.

या सुटण्याच्या आनंदात आणखी एक गोष्ट नजरेआड होते. चित्रपटात खाँसाहेबाला मिरजेहून विश्रामपूर संस्थानात आणतात ते तिथले राजगायक पंडितजीच. तिथे राजगायकाचं पद एक, हवेली एक, कट्यार एक. जिंकेल तो हवेलीत जाणार, हरेल तो बाहेर. वर त्या कट्यारीला एका खुनाची माफी! दरबाराने दोन गुणी माणसांमध्ये एकच ताट वाढलं आणि मग कोण ओरबाडतो, ते बघत बसला. पंडितजींचा गळा घालवणारा शेंदूर त्यांना खाँसाहेबाची बायको खाऊ घालते. तिला तसं सांगितलेलं नसतं. घरातल्या एकाचं वर्षानुवर्षं हरणं घराला किती कडू करतं, ते तिच्या हातात दिसतं. पण चित्रपट पाहून आलेल्या कुणी मला 'तो राजा कसा होता हो?' असं कधी विचारलं नाही. खाँसाहेबाबद्दल मात्र सगळे विचारतात.

ठाकुरवाडी ठाकर आदिवासींची. त्यांच्यावरचा मोठा मराठी चित्रपट आठवतो, तो १९७७चा 'जैत रे जैत'. गोनीदांची कादंबरी, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन. नाग्याला पुण्यवान व्हायचंय, राणीमाशी पाहायचीय. तो नेम पाळतो आणि माशी त्याच्या डोळ्यालाच डसते. मग तो सूड घ्यायला निघतो आणि त्या हट्टाची किंमत त्याच्यावर जीव लावणारी चिंधी भरते. फार्महाऊसवाल्यांच्या भाषेत नाग्यासुद्धा 'जळतो'च म्हणायचा. पण नाग्या कुणा शेजाऱ्याच्या पुण्याकडे पाहून तडफडत नाही. त्याचं म्हणणं हिशेबाचं आहे: मी माझी बाजू पाळली, तुम्ही तुमची का नाही? हे गाऱ्हाणं आहे. ते चुकीच्या दारी गेलं असेल, त्याने संसार मोडला असेल, तरी त्याला मत्सर म्हणणं म्हणजे उत्तर द्यायचं टाळणं. उत्तर टाळायला हा शब्द फार कामाचा आहे. समोरच्याच्या मनात खोट काढली की त्याच्या विहिरीत डोकावावं लागत नाही.

बरोबरी करा म्हणे. ज्याच्याशी बरोबरी होण्याची शक्यताच नाही, त्याच्यावर माणूस जळत नाही. ठाकुरवाडीतली बाई वाडीतल्याच दुसरीच्या नव्या पातळावर जळेल, जाऊबाईच्या कोंबड्यांवर जळेल. फार्महाऊसच्या स्विमिंग पूलवर कशाला जळेल?

परतताना पायवाटेवर एक म्हातारी भेटली, डोक्यावर जळणाची मोळी. मोळी उतरवायला हात दिला आणि सहज विचारलं, हा बंगला कसा वाटतो.

"रातीचे दिवे लागले का लई बेस दिसतो," ती म्हणाली. पदराने मान पुसली. "हीर मातर अवंदा होळीलाच आटली."